गुडघ्याखालची उशी आणि वैद्यकीय शिक्षणाची उतरंड

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील एका माथाडी कामगाराचा पाय माल उतरवताना ट्रकखाली सापडला. ज्या सार्वजनिक रुग्णालयात त्याला नेले, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाय वाचवता आला नाही. गुडघ्याच्या खाली तो कापावा लागला. शस्त्रक्रिया निर्दोष झाली, जखम चिघळली नाही, पदरचा फारसा पैसाही गेला नाही, हे आधीच नमूद केले पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयांना शिव्या घालून खासगी इस्पितळांचा रस्ता मोकळा करून देणाऱ्यांच्या पंक्तीला आम्हाला बसायचे नाही.

दररोज सकाळी प्राध्यापकांची फेरी येई. पुढे प्राध्यापक, त्यांच्यामागे सहयोगी प्राध्यापक, मग निवासी डॉक्टर, आणि सर्वांत मागे वह्या घेतलेले वीसेक विद्यार्थी. खाटेपाशी इंग्रजीत प्रश्नोत्तरे चालत. हाड कोठून कापले? कोणती रक्तवाहिनी बांधली? कोणती प्रतिजैविके चालू आहेत? ज्याच्या पायाविषयी हे चालले होते, तो एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत पडून राही. आणि त्या सर्व दिवसांत त्याच्या गुडघ्याखाली एक उशी होती. ती त्याच्या बायकोने ठेवली होती. गुडघा थोडा वाकवून वर ठेवला की ठणका कमी होतो, म्हणून मायेने ठेवली होती.

पाय कापलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नये. गुडघा सतत वाकलेला राहिला की त्याच्या मागचे स्नायू आखडतात आणि काही आठवड्यांत तो सरळ होईनासा होतो. आणि सरळ न होणाऱ्या गुडघ्याला साधा कृत्रिम पाय बसवता येत नाही. आमच्या साथीचे नेमके हेच झाले. जखम भरून घरी गेल्यावर दीड महिन्याने तो कृत्रिम पाय घेण्यासाठी गेला, तेव्हा माप घेणाऱ्या कारागिराने मान हलवली. “आधी गुडघा सरळ करून आणा,” असे तो म्हणाला. पुढचे कित्येक महिने फेऱ्यांत गेले, मजुरी बुडाली, टोळीतली जागा गेली. शेवटी तो कुबड्या घेऊन गावी गेला. वीस भावी डॉक्टरांनी रोज सकाळी ती उशी पाहिली होती. ती कोणालाच दिसली नव्हती.

ज्ञान होते, बोलण्याचा अधिकार नव्हता

त्या वॉर्डात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती काय? तसे असते तर अज्ञानाला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण नंतर चौकशी केली तेव्हा कळले की वॉर्डातल्या वयस्क परिचारिकेला ती ठाऊक होती. एक फिजिओथेरपिस्ट तरुणी एकदा येऊन “उशी काढा” असे सांगूनही गेली होती. पण केसपेपरवर तशी सूचना लिहिली गेली नाही, आणि संध्याकाळी ठणका वाढल्यावर उशी पुन्हा जागेवर आली. फेरीच्या वेळी परिचारिका फाइल हातात धरून उभी असते, विचारले तेवढेच सांगते. फिजिओथेरपिस्ट तर फेरीत नसतेच. कृत्रिम पाय बनवणारा कारागीर वॉर्डात पाऊलही टाकत नाही. आणि रुग्ण? त्याने प्रश्न विचारायचा नसतो, त्याच्याविषयी प्रश्न विचारायचे असतात.

आपल्या समाजात उतरंड कशी रचली जाते, हे ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. जो हाताने काम करतो तो खाली, जो हुकूम देतो तो वर. आणि खालच्याजवळचे ज्ञान हे ज्ञान नव्हेच, असा वरच्याचा समज. जातिव्यवस्थेने ही शिकवण आपल्या हाडीमासी खिळवली आहे. रुग्णालयातली उतरंड हे तिचेच शुभ्र कोट घातलेले रूप आहे. शस्त्रक्रिया किंवा औषधयोजना शिकवताना ही उतरंड एक वेळ खपून जाते, कारण तेथे निर्णायक कृती खरोखरच वरच्या माणसाच्या हातून होते. पुनर्वसनात मात्र ती खपत नाही. पुनर्वसनाची निर्णायक कृती रुग्ण स्वतः करतो. त्याच्या पाठीशी परिचारिका, भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ, कारागीर आणि घरची माणसे असतात, आणि डॉक्टर ह्या सर्वांपैकी एक असतो. म्हणून पुनर्वसन कसे शिकवावे हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. वैद्यकीय महाविद्यालयात कोणाला शिक्षक मानायचे आणि कोणाला नाही, हा तो प्रश्न आहे. आणि म्हणूनच तो राजकीय प्रश्न आहे.

पंधरा दिवसांत उरकलेला विषय

आता अभ्यासक्रमाकडे पाहू. २०२१ च्या नियमांप्रमाणे एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरची आंतरवासिता बावन्न आठवड्यांची असते. तिच्यात अस्थिरोग विभागाला दोन आठवडे दिलेले आहेत आणि पुनर्वसनाचा विषय ह्याच दोन आठवड्यांत, अस्थिरोगाच्या पोटात घातलेला आहे. म्हणजे प्लास्टर घालणे, अपघात विभागातील धावपळ आणि शस्त्रक्रियागृहातील हजेरी ह्यांतून काही वेळ उरला, तर पुनर्वसन. त्यातच ह्या वर्षात तरुण डॉक्टरचे सारे चित्त पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या चार-पर्यायी प्रश्नांत गुंतलेले असते. खिशात मोबाइलवर प्रश्नसंच आणि समोर खाटेवर माणूस, असा सामना झाला की कोण हरतो हे कोणत्याही आंतरवासी डॉक्टरला विचारावे. दोष त्या मुलांचा नाही. ज्या दारातून पुढे जायचे आहे त्या दारावर चार पर्याय लिहिलेले असतील, तर ती मुले दुसरे काय वाचणार?

कायदा मात्र वेगळे सांगतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे सत्तेचाळीसावे कलम म्हणते की शिक्षक, डॉक्टर, परिचारिका ह्यांच्या अभ्यासक्रमांत अपंगत्वाचा विषय समाविष्ट झाला पाहिजे. त्याच्याही आधी, १९७८ साली, आल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत रोगप्रतिबंध आणि उपचार ह्यांच्या बरोबरीने पुनर्वसनाचा उल्लेख केला होता, आणि भारताने तो जाहीरनामा मान्य केला होता. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला तेव्हा, अपंग डॉक्टरांनी आणि संघटनांनी पाठपुरावा केल्यावर, पायाभूत वर्गात अपंगत्वविषयक सात तास मिळाले. साडेचार वर्षांत सात तास! आणि तेही टिकवण्यासाठी भांडावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत हा भाग गाळल्याची तक्रार अपंग-हक्क संघटनांना करावी लागली. इतर कारणांनीही वादग्रस्त ठरलेल्या त्या सूचना सप्टेंबरात आयोगाने मागे घेतल्या, हा भाग वेगळा.

ज्या देशात २०११ च्या जनगणनेनेच २ कोटी ६८ लाख अपंग मोजले आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहतात असे सांगितले, त्या देशाची ही तऱ्हा आहे. पुनर्वसनाची गरज केवळ प्रमाणपत्र मिळालेल्या अपंगांना असते असेही नाही. अर्धांगवायूचा झटका आलेला, कंबरेचे हाड मोडलेली म्हातारी, पाठ गेलेला हमाल, गिरणीच्या धुळीने फुप्फुसे झिजलेला कामगार, ह्या सर्वांना ती असते. जागतिक पातळीवर पाहिले तर सुमारे २४० कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांतल्या एकाला, पुनर्वसनसेवेचा उपयोग होऊ शकेल असा २०१९ च्या आकडेवारीवर आधारलेला अंदाज आहे. तिघांतल्या एकाच्या गरजेला बावन्नातले दोन आठवडे, आणि तेही वाटणीतले!

सरकारने मधल्या काळात एक काम मात्र तत्परतेने केले. ‘अपंग’ शब्द काढून ‘दिव्यांग’ शब्द आणला. शब्द बदलायला उतारवाट बांधावी लागत नाही, फिजिओथेरपिस्टची पदे भरावी लागत नाहीत आणि कोणा प्राध्यापकाला आपली खुर्ची हलवावी लागत नाही.

टक्केवारीचे वैद्यक

मग विद्यार्थी अपंगत्वाविषयी शिकतो तरी काय? तो टक्के शिकतो. चाळीस टक्के असतील तर प्रमाणपत्राचे लाभ, एकोणचाळीस असतील तर नाहीत. हे मोजमाप प्रशासनाला लागते, हे मान्य. पण शिकवणीतही तेवढेच उरते तेव्हा डॉक्टरच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक बेरीज होते.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची तीस टक्के हानी असा हिशेब होता. अंगठा कारकुनाचा की यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याचा, हे अनुसूची विचारत नव्हती. पण हा प्रश्न विचारता येतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच दाखवून दिले. एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्या माणसापुरते ते पूर्ण अपंगत्वच आहे. रंधा कसा धरतात हे काळ्या डगल्यातल्या न्यायमूर्तींना समजले, आणि पांढऱ्या कोटातल्या विद्यार्थ्याला ते आजही शिकवले जात नाही, ह्याला काय म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली कार्यक्षमतेचे जे वर्गीकरण स्वीकारले त्याचा सारा भर ह्याच गोष्टीवर आहे. शरीरात काय बिघडले ह्याच्या बरोबरीने माणूस रोज काय करू शकतो, घरात आणि गावात कशात सहभागी होऊ शकतो, आणि भोवतालचा परिसर त्याला मदत करतो की अडवतो, हे सर्व त्यात पाहावे लागते. ही यादी परीक्षेसाठी पाठ करणारे विद्यार्थी सापडतात. पण चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णाला “संडास घरात आहे की गॅलरीच्या टोकाला?” असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी सापडत नाही.

आपल्याकडे हे कोणी शिकवले?

पुनर्वसनाचे शिक्षण म्हणजे परदेशातून आलेले फॅड आहे, आपल्याला ते परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांना आपलाच इतिहास ठाऊक नसतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मेरी व्हर्गीस ह्या तरुण डॉक्टर होत्या. १९५४ मध्ये मोटार-अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शिक्षण घेतले, १९६३ पासून वेल्लोरचा पुनर्वसन विभाग सांभाळला आणि १९६६ साली तेथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्यांच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ‘अपंगत्व म्हणजे काय’ ह्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नसणार. त्याच वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी कुष्ठरोग्यांची रोजची कामे बारकाईने पाहिली. बोटे रोगाने झडत नाहीत; संवेदना गेल्यामुळे नकळत भाजून, कापून, घासून ती झिजतात, हे त्यांच्या ध्यानी आले. हे ज्ञान रुग्ण कुलूप कसे उघडतो आणि चुलीवरचे भांडे कसे उतरवतो, ते पाहून मिळाले.

जयपूरची कथा तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावी. साहेबी बुटात घालण्यासाठी बनवलेला कृत्रिम पाय आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता. तो घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. सवाई मानसिंग रुग्णालयात येणारे लोक हे पाय नेत आणि काही दिवसांनी कोपऱ्यात टाकून देत. डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांचे मोठेपण असे की त्यांनी ‘रुग्ण अडाणी आहेत’ असा निष्कर्ष काढला नाही. फारसे औपचारिक शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजे मास्टरजी, ह्यांच्याबरोबर काम करून १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रबर आणि लाकडाचा तो पाऊलभाग घडवला, ज्याला आज जग जयपूर फूट म्हणते. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला आणि तो योग्यच होता. पण रामचंद्र शर्मा हे नाव आज किती वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ऐकले आहे? जो अर्धा शोध कारागिराचा होता, तो शिकवणीत पुरता डॉक्टरांचा होतो. उतरंड अशीच टिकते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर ह्यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातले ते पहिले समजले जाते. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. वरोऱ्याच्या माळावर बाबा आमट्यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाला भीक किंवा मलमपट्टी देऊन त्याचे पुनर्वसन होत नाही. त्याच्या बोटे नसलेल्या हाताला काम आणि त्या कामाला प्रतिष्ठा मिळाली की होते. आणि सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर ह्यांनी काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे कुटुंबे सोपवली जातात. आयोगानेही अलीकडे देशभर कुटुंब-दत्तक कार्यक्रम लागू केला आहे. म्हणजे रस्ता आपल्याच लोकांनी आखलेला आहे. अडचण आहे ती त्यावर चालण्याच्या इच्छेची.

तासाभराचे नाटक नको

ह्या विषयावर दडपण आले की काही महाविद्यालये एक सोपा मार्ग काढतात. विद्यार्थ्यांना तासभर चाकांच्या खुर्चीत बसवायचे किंवा डोळ्यांवर पट्टी बांधायची, म्हणजे त्यांना म्हणे अपंगत्वाची ‘अनुभूती’ येते. छायाचित्रे निघतात, अहवाल भरतो. अपंगांच्या चळवळीने ह्या प्रकारावर जगभर टीका केली आहे, आणि ती रास्त आहे. तासभर पट्टी बांधलेल्याला फक्त भीती आणि गोंधळ कळतो. वर्षानुवर्षे न दिसता स्वयंपाक, प्रवास आणि संसार करणाऱ्या बाईचे कौशल्य त्याला कळत नाही. तो वर्गातून बाहेर पडतो तो कणव घेऊन. आपल्याला डॉक्टरांची कणव नको आहे. आपल्याला त्यांनी उशी पाहायला हवी आहे.

मग शिकवावे कसे? आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक रुग्ण सोपवावा आणि तो त्याने वॉर्डातून घरापर्यंत न्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात परिचारिकेच्या हाताखाली त्याने रुग्णाला कुशीवर वळवायला, नीट निजवायला आणि उरलेल्या पायाला पट्टी बांधायला शिकावे. पुढे फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली त्याला खाटेवरून खुर्चीत घेण्याचे आणि कुबडीवर उभे करण्याचे काम स्वतः करावे. मग कारखान्यात जाऊन, कारागिराशेजारी बसून, माप कसे घेतात आणि गुडघा आखडला तर काय बिघडते ते पाहावे. रुग्ण घरी गेल्यावर टेप घेऊन त्याच्या घरी जावे: दाराची रुंदी किती, पायऱ्या किती, पाणी किती लांब, एसटीचा थांबा किती लांब. नोकरी असेल तर मालकाशी आणि युनियनशी बोलावे. तीन महिन्यांनी पुन्हा जावे. आणि शेवटी परीक्षकासमोर उत्तर द्यावे ते एवढ्याच प्रश्नाचे: हा माणूस आज काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या शरीरात आहे की आपल्या व्यवस्थेत?

ह्या कामाचे गुण कोणी द्यायचे? परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, कारागीर आणि रुग्ण ह्या सर्वांनी. उतरंडीला खरा धक्का येथे बसेल, म्हणून खरा विरोधही येथेच होईल. ज्याच्या हाती गुण असतात त्याचे म्हणणे विद्यार्थी ऐकतो, हे सांगायला शिक्षणशास्त्रज्ञ लागत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे, डॉक्टरने का शिकावे? उत्तर असे की रुग्णाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचे की नाही, केव्हा पाठवायचे आणि केसपेपरवर काय लिहायचे, हे आज डॉक्टर ठरवतो. निर्णयाचा अधिकार आमचा आणि माहिती मात्र दुसऱ्याची, ही वाटणी सरंजामदाराला शोभते. तालुक्याच्या गावी तर फिजिओथेरपिस्ट बहुधा नसतोच. तेथे जे काही आहे ते त्या एकट्या डॉक्टरजवळ.

दुसरा आक्षेप: विद्यार्थी खूप, वेळ कमी, शिक्षक नाहीत. शंभर विद्यार्थ्यांना शंभर रुग्ण लागतात. ज्या सार्वजनिक रुग्णालयातून वर्षाला पाय गमावलेले, अर्धांगवायू झालेले आणि हाडे मोडलेले मिळून शंभर रुग्णही घरी जात नाहीत, ते अध्यापन-रुग्णालय म्हणवण्याला पात्र आहे काय? वेळेचे म्हणाल तर आंतरवासितेत सामाजिक वैद्यकाला बारा आठवडे दिलेलेच आहेत, आणि कुटुंब-दत्तक कार्यक्रमाच्या भेटी आहेत. त्यांतला बराच वेळ आज रजिस्टरे भरण्यात जातो. राहिला शिक्षकांचा प्रश्न. शिक्षक वॉर्डात आहेत, कारखान्यात आहेत, खाटेवरही आहेत. त्यांना शिक्षक म्हणायची तयारी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: दर्जा घसरेल. १९४६ मध्ये भोर समितीने समाजाभिमुख डॉक्टर घडवण्याची कल्पना मांडली, १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रत्येकी तीन विकासगट दत्तक घ्यावेत अशी योजना निघाली, आणि दोन्ही वेळा दर्जाचे रक्षक पुढे सरसावले. योजना कागदावर राहिल्या. पुढे १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले आणि आज अभिमत विद्यापीठांत पदवीची किंमत कोटीच्या घरात गेली. तेव्हा मात्र ह्या रक्षकांना दर्जाची फारशी आठवण झाली नाही. कोटी रुपये मोजून डॉक्टर झालेला तरुण त्या पैशांची वसुली शस्त्रक्रियेत आणि तपासण्यांत करतो. कुबडी धरायला शिकवण्यात वसुली नाही. पुनर्वसन अभ्यासक्रमात कोपऱ्यात का पडले, ह्याचे कारण येथेही शोधावे लागेल.

ह्याच दर्जाच्या नावाखाली अपंग विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश नाकारले गेले. ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ अशी अट घालण्यात आली होती. केवळ चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व आहे एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही, त्या विद्यार्थ्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावे लागले; आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत’ ह्या अटीवर त्याने कडक ताशेरे ओढले. ज्या देशात मेरी व्हर्गीस ह्यांनी खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या, त्या देशाच्या वैद्यकीय धुरीणांना हे न्यायालयाकडून ऐकावे लागले, ह्याची लाज कोणाला वाटणार? वर्गात अपंग विद्यार्थी असणे ही उपकाराची गोष्ट नाही. पुनर्वसनाच्या शिक्षणाची ती पहिली पायरी आहे.

आपला हिशेब

इतरांना बोल लावून झाल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कामगार चळवळीने नुकसानभरपाईसाठी लढे दिले आणि जिंकलेही. पण आम्ही भरपाईच्या आकड्यावर थांबलो. तीस टक्क्यांचे चाळीस टक्के करून घेतले की सभेत टाळ्या पडत. तो हात पुन्हा कामाला कसा लागेल, त्यासाठी रुग्णालयात कोणते उपचार व्हायला हवे होते, कामाची जागा कशी बदलायला हवी होती, हे आमच्या मागणीपत्रांत क्वचितच आले. आमच्या त्या माथाडी साथीला भेटायला आम्हीही रोज जात होतो. फळे नेली, वर्गणी नेली, मालकाविरुद्धच्या दाव्याची कागदपत्रे सहीला नेली. उशी आम्हीही पाहिली होती.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे ठेवतो. महापालिकांत आणि जिल्हा परिषदांत जे आपले प्रतिनिधी आहेत त्यांनी आपापल्या रुग्णालयांत भौतिकोपचार आणि व्यवसायोपचाराची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर जाहीर करावे. विद्यार्थी संघटनेतल्या आपल्या साथींनी पुनर्वसनाचा काळ अस्थिरोगापासून वेगळा काढावा, त्याचे मूल्यमापन परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्ण ह्यांच्या सहभागाने व्हावे, अशी मागणी विद्यापीठापुढे आणि आयोगापुढे लेखी ठेवावी. युनियनांनी पुढच्या करारात भरपाईबरोबर पुनर्वसनाचे कलम घालावे. अपंगांच्या संघटनांना व्यासपीठावर केवळ सत्कारासाठी न बोलावता ह्या मागण्या ठरवतानाच बरोबर घ्यावे.

आणि एक काम ह्या सर्वांआधी, उद्यापासून करता येण्याजोगे आहे. आपला कोणी साथी वॉर्डात असेल तेव्हा फेरीच्या वेळी खाटेजवळ उभे राहा. बाहेर काढतील, तरी नम्रपणे पुन्हा आत जा. आणि प्राध्यापकांचे शिकवून झाले की सर्व विद्यार्थ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत, एकच प्रश्न विचारा: “डॉक्टरसाहेब, हा माणूस घरी गेल्यावर चालणार कसा?”